कॉनीबायची काच

‘तू फोटोग्राफर की चळवळवाली?’ असं कुणी विचारलं, की कॉनीबाय फटकन सांगायची, ‘आधी टचिंगवाली!’ त्यात खोटं काही नव्हतं. उत्तनच्या कोळ्यांची ही मुलगी चौतीस साली वांद्र्याच्या एका स्टुडिओत मागच्या खोलीत बसून लोकांची नाकं सरळ करायची. तेव्हा फोटो आधी काचेच्या निगेटिव्हवर उतरायचा; त्या काचेवर टोकदार पेन्सिलीने बारीक काम केलं की देवीचे वण जातात, मिटलेला डोळा उघडतो, हललेला चेहरा जागेवर येतो. त्यालाच टचिंग म्हणायचं. पुढे तिने भाईंदरला, खारी गावाच्या वाटेवर, स्वतःचं दुकान थाटलं. बाई फोटो काढणार म्हटल्यावर पुरुष फिदीफिदी हसले आणि आठवड्याभरात त्यांच्याच बायका पदर सारखा करत दारात उभ्या राहिल्या.

या बायकांचे नवरे, मुलगे मिठागरांवर राबायचे. खारट पाण्याने चिरलेले त्यांचे पाय कॉनीने एकदा बघितले आणि तिचं डोकंच सणकलं. मग ती नुसत्या पायांचे फोटो काढून सभांमधून दाखवत फिरू लागली. मिठागरांचे मालक तिला बघून रस्ता बदलायचे, आणि तिला त्याची मजा वाटायची.

बेचाळीसच्या सप्टेंबरात बंदी मोडून मजुरांची मिरवणूक निघाली. पुढे झेंडा घेतलेले अकरा जण. कॉनीने स्टुलावर चढून फोटो घेतला, पण आभाळ भरलेलं, माणसं चालती, काचेवर अकराही चेहरे फिस्कटले. दुसऱ्या कुणी ती काच अडगळीत टाकली असती. पण आमच्या बाईला कलेचा ताठा! तीन दिवस मान मोडून तिने एकेकाला त्याचा चेहरा परत दिला. सगळे ओळखीचे, हात कुठे अडला नाही. मोठी प्रत काढून तिने दुकानाच्या दर्शनी खिडकीत लावली. ‘कळू दे गावाला, आपली माणसं कोण ते.’ लोक थांबून बघायचे, बोट दाखवून नावं घ्यायचे, आणि ही आत बसून खुशीत ऐकायची.

चौथ्या दिवशी फौजदार आला. फोटोसमोर वाकून बराच वेळ बघत राहिला.

“बाई, काम फर्स्टक्लास आहे तुमचं,” तो म्हणाला. “त्या दिवशी आमचा माणूस होता तिथे. पण गर्दीत त्याला एक तोंड धड दिसलं नाही. इथे बघा, शोधायचं कामच उरलं नाही.”

त्याने खिडकीतला फोटो उतरवून काखेत मारला आणि सगळ्या ठाण्यांना प्रती पाठवायच्यात, काच न्यायला उद्या येतो म्हणून गेला.

कॉनी रिकाम्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. आपण काय करून बसलो? मिरवणुकीत पोलिसांना जे सापडलं नव्हतं, ते तिने पेन्सिलीने कोरून त्यांच्या हातात दिलं होतं. संध्याकाळच्या आत सात जण धरले गेले. मिठागरावरच्या जिजाबाईच्या मुलाला, नाथाला तर जेवत्या ताटावरून उठवला. उरलेले चौघे खाडीकाठच्या तिवरांच्या दाट झाडीत लपले.

निदान ते चौघे वाचावेत म्हणून कॉनीने सुरी घेतली आणि काचेवरचे चेहरे खरवडले. चार नव्हे, अकराही. धरलेल्यांचे खरवडून काय मिळणार होतं? पण घाबरलेला हात मोजत बसत नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी फौजदाराने ती काच बघितली, शिवी हासडली आणि टेबलावर टाकून निघून गेला.

चार महिन्यांनी नाथा तुरुंगात तापाने गेला. तेराव्यानंतर जिजाबाई दुकानात आली आणि खाली बसली.

“कॉनीबाय, माजे नाथाचा दुसरा फोटू न्हाय. ठाण्यावं तो फोटू मागाया गेले तं हाकलली. तुजेकडं काच हाय ना? एक काढून दे.”

कॉनीने काच तिच्यासमोर धरली. हात होते, झेंडा होता, सदऱ्याची गुंडीसुद्धा होती. वर मानेपासून नुसती कोरी काच.

“मीच खरवडला, मावशी,” कॉनी म्हणाली. तिला रडूही येईना.

जिजाबाईने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तवा पेन्सिलीनं काढलास ना? परत काढ. मी सांगते तुला त्याचा त्वांड.”

कॉनीने पेन्सिल उचलली. काचेला टोक टेकवलं. खाली आधार द्यायला आता काहीच नव्हतं, पुसटशी रेघही नाही. पेन्सिल घसरली.

“नाही येत गं मला,” ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

जिजाबाई उठली. दारात वळली. आवाज चढलेला नव्हता.

“पोलिसांना दावलास माजा पोर. आन् मना न्हाय?”

त्यानंतर स्वातंत्र्य येईपर्यंत कॉनी घरोघर जाऊन चळवळीतल्या पोरांचे फोटो काढत होती. एकच प्रत, ती आईच्या हातात, आणि काच तिच्यादेखत फोडायची. जिजाबाईच्या दारावरून मात्र ती खाली मान घालून जायची, कारण त्या घरात द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.