दादाची निवडक गाणी

माझ्या थोरल्या भावाच्या बँडचं कुठं काही जमलं नाही, तरी त्यांनी निवडक गाण्यांची कॅसेट काढली. निवडक म्हणजे होती तेवढी सगळी, नऊ. पुण्यातल्या चार ख्रिस्ती पोरांचा बँड. गिटारी, ड्रम आणि देवाला घसा फाडून हाका. याला पंक म्हणतात, असं दादा सांगायचा. एका चर्चनं त्यांना अंगणातही उभं केलं नाही, दुसऱ्यात मध्येच लाईट घालवली. शेवटी बँड मोडला आणि मोडता मोडता ही कॅसेट भरून झाली.

आम्ही मुळशीत, मालेच्या पुढं वस्तीवर राहायचो. आई नव्हती. बाबा शाळामास्तर, शाळेत शुद्ध बोलायचे, घरी आमच्यासारखंच. रविवारी आमच्या पडवीत चार घरांची उपासना तेच चालवायचे. दादाचा गळा त्यांनीच पेटीवर बसवून घडवला होता, म्हणून राग दुप्पट. एकदा ते पुण्याला बँड ऐकायला गेले. दुसऱ्या गाण्यालाच उठले आणि म्हणाले, "देवाच्या दारात भुंकतोस व्हय? मानसावानी गाशील तवा घरी ये." बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दादाही त्यांचाच मुलगा. दोन वर्षं तो नाताळलाही आला नाही. मला दोघांचाही संताप यायचा, पण माझं ऐकतो कोण!

कॅसेट त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. सोबत चिठ्ठी होती. "तायडे, बाबांना एकदा ऐकव. आवडली तर कळव, मी येतो."

वस्तीवर वीज नव्हती. टेप सेलवर चालायचा, आणि बाबा सेल कधी टाकून द्यायचे नाहीत. संपलेले सेल कौलांवर उन्हात ठेवायचे. तापले की पुन्हा थोडा जीव धरतात. मी तेच चार घातले आणि बाबांना सांगितलं, दादानं पाठवलंय. ते उठून गेले नाहीत, एवढंच.

सेलमध्ये दम नव्हता. टेप रडतखडत फिरू लागला. दादाचं ओरडणं लांबत गेलं, आवाज खाली उतरला. जिथं तो देवाशी भांडत होता तिथं काकुळतीला आल्यासारखा वाटत होता. बाबांनी डोळे मिटले. दोन गाणी झाल्यावर म्हणाले, "आता कसा गातोय! माज्या बापाचा आवाज हाय ह्यो."

खरं कारण मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. आपण खोटं बोललो नाही, अशी तेव्हा मनाची समजूत घातली. आज म्हणते, बोललेच. त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं की बाबांना आवडली, ये.

पुढच्याच रविवारी दादा आला. हातात भेट म्हणून चार नवेकोरे सेल. उपासना संपली. बाबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सगळ्यांना म्हणाले, "थांबा जरा. पोराची गानी ऐकून जावा." दादा सेल बदलू लागला.

"जुनेच ऱ्हाऊ दे की," मी म्हणाले.

तो हसला. "बाबांचा चिकटपणा तुज्यातबी उतरला व्हय गं?"

गाणं सुरू झालं ते अंगावर धावून आलं. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. बाबा आधी टेपकडे बघत राहिले, मग दादाकडे.

"चार मानसांत माजी चेष्टा करतोस?"

दादाला काही कळेना. "हीच ऐकलीत न्हवं तुमी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेव्हा एका वाक्याचं काम होतं. बाबा, सेल उतरले होते. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी केलेला रस्सा चुलीवर तसाच राहिला, आणि दादा एसटीची वाट न बघता पौडच्या दिशेनं चालत निघाला.

पावसाळ्यानंतर त्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली. आम्हाला निरोप आला तो मातीचाच.

माती देऊन परत आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, सेलचं, पत्राचं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, शिडी लावून कौलांवरचे जुने सेल उतरवले, सदऱ्याला पुसले आणि माझ्यापुढं ठेवले.

"ह्ये घाल. नव्यांवर लई लवकर संपतंय."

मी घातले. दादा सावकाश गाऊ लागला. तिसऱ्या गाण्यात आवाज आणखी खाली गेला, आणखी खाली, आणि टेप थांबला. मी नवे सेल घ्यायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "उद्या उन्हात ठिवतो."