फ्लॉरेन्सची डाळिंबी शाल

लढाईत माझ्या हातून जे काही झालं, त्याबद्दल मी कुणापुढे मान खाली घातलेली नाही. मान खाली गेली ती एका शालीपायी, आणि तीही घरी सुखरूप परतल्यावर. आता पन्नाशीला आलो आहे. लिहून टाकतो.

इटलीत आमच्या पलटणीला चार दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा मी आणि माझा दोस्त फ्लॉरेन्स शहर बघायला गेलो. मी कराडजवळचा, तो सांगलीजवळच्या एका खेड्यातला. भरती झाल्यापासून आम्ही एका तंबूत झोपत होतो. त्याला घरी बायकोसाठी काहीतरी न्यायचं होतं, आणि ते साधंसुधं नको होतं. तो सिगारेट ओढत नसे. वाट्याला येणारी सिगारेटची पाकिटं त्यानं कित्येक महिने एका पत्र्याच्या डब्यात साठवली होती. तिकडे त्या दिवसांत नोटेपेक्षा सिगारेटीला जास्त किंमत होती. मी मात्र माझी ओढून संपवत होतो आणि वर त्याची चेष्टा करत होतो.

"काय रं, डब्याला हळदीकुंकू वाहतोस का रोज?"

"वाहीन. तू धूर काढ. घरला जाताना बायकोला धूरच घिऊन जा," तो म्हणायचा.

एका गल्लीत आम्हाला ते दुकान सापडलं. लढाईआधी तिथं मोठमोठ्या घरच्या बायका कपडे शिवून घेत असाव्यात. भिंतीवर त्यांच्या तसबिरी होत्या, पिसांच्या टोप्या घातलेल्या. आता काचा फुटलेल्या होत्या, आणि गळ्यात टेप अडकवलेला एक म्हातारा मालक उरलासुरला माल विकत होता. त्यात ती शाल होती. डाळिंबी रंगाची मखमल, आतून रेशमी अस्तर, काठाला हातानं काढलेली वेल, आणि कोपऱ्यात दुकानाचं नाव सोनेरी धाग्यानं विणलेली बोटभर पट्टी. दोस्तानं ती हातात घेतली आणि खाली ठेवीचना.

भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. तेव्हा माझ्या दोस्तानं, बैलबाजारात करतात तसं, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि टॉवेलाखालून हात पुढे केला. आमच्याकडे जनावराचा भाव असाच ठरतो, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. म्हातारा आधी दचकून मागं सरला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानंही टॉवेलाखाली हात घातला. दोघं बराच वेळ एकमेकांची बोटं दाबत उभे होते. म्हाताऱ्याला हसू आवरेना.

"अरं, शाल घितोयस का खोंड?" मी म्हणालो.

"गप. म्हातारा पक्का हाय. शेपूट धरूनच बसलाय."

अख्खा डबा देऊन त्यानं शाल घेतली. माझ्यापाशी तीन पाकिटं आणि साबणाच्या दोन वड्या होत्या. त्यात मला एक तपकिरी लोकरीची शाल मिळाली. एका कडेला कसरीनं खाल्लेली, पट्टी उसवून गेलेली. स्वस्त पडली म्हणून मी खूश होतो.

पुढं महिन्याभरात दोस्ताच्या पायात गोळी लागली. त्याला तिकडच्याच इस्पितळात ठेवलं आणि लढाई संपल्यावर माझी आधी घरी जायची पाळी आली. निघताना त्यानं डाळिंबी शाल माझ्या हातात दिली. "तुज्या हातानं पोचीव गड्या. मला यायला टाइम लागंल," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडायच्या आतच बायकोनं ती उघडली. तिचा हात सरळ डाळिंबी शालीवर गेला. चार वर्षं तिनं माझी वाट बघितली होती. शाल गालाला लावून ती म्हणाली, "आवं, ही मला?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "हो."

एकदा हो म्हटल्यावर मागं फिरायला तोंड राहिलं नाही. आठवड्यानं मी तपकिरी शाल घेऊन सांगलीकडं, दोस्ताच्या गावी गेलो. दोस्ताच्या बायकोनं ती दोन्ही हातांनी घेतली. कसर लागलेली कड तिनं पदराआड दुमडली, मला वाईट वाटू नये म्हणून. विचारलं, "भावजी, त्येंनी सोता निवडली का?"

"हो वहिनी, स्वतः," मी म्हणालो. पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं. हे दुसरं मी समजून उमजून बोललो.

दोस्त परतला, एका पायानं लंगडत. त्याची दोन पत्रं आली, ये म्हणून. मी गेलो नाही, उत्तरही दिलं नाही. शाल अंगावर घेऊन बायको कुठं निघाली की मी काहीतरी निमित्त काढून मागं राहायचो. पण नवल म्हणजे, पहिल्या उन्हाळ्यात कपड्यांना ऊन दाखवलं, त्यानंतर तिनं ती घेणंच सोडलं. घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवली. कसर लागू नये म्हणून असेल, असं मी समजलो.

तीनेक वर्षं अशी गेली. मग तिच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशनसाठी आम्ही मिरजेला निघालो. गाठोडं बांधताना तिनं डाळिंबी शाल काढली. मी म्हणालो, "ही कशाला?" ती म्हणाली, "दवाखान्यात गारठा आसतोय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी दवाखान्याच्या खिडकीतून बघतो तर फाटकाशी टांगा थांबलेला, आणि हातात जेवणाचा डबा घेऊन दोस्त आणि त्याची बायको उतरत होती. निरोप माझ्याच बायकोनं धाडला होता. खाटेवर ती शाल पसरलेली. मी काय केलं? औषध आणतो म्हणून मागच्या दारानं बाहेर पडलो. आजारी बायकोला तशी सोडून. दीड तास मी मिरजेच्या रस्त्यांवर उगाच फिरत होतो. ज्याच्याबरोबर गोळीबारात पाठीला पाठ लावून बसलो, त्या माणसाला तोंड दाखवायची माझी छाती नव्हती.

परत आलो तेव्हा बायकोच्या पायावर तपकिरी शाल होती. वहिनी शेजारी बसल्या होत्या, डाळिंबी शाल खांद्यावर घेऊन. रंग त्यांना काय शोभत होता.

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पट्टीखाली नंबर हाय, आवं."

पलटणीत मोज्यापासून टॉवेलापर्यंत प्रत्येक कपड्यावर आपला नंबर घालायची सवय. धोब्याकडून दुसऱ्याचं येऊ नये म्हणून. दोस्तानं बायकोच्या शालीवरही सोनेरी पट्टीखाली दोऱ्यानं आपला नंबर घातला होता. मी बाजूला झोपत होतो, आणि मला ते कधी ध्यानातच आलं नाही.

"मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली, "पर चार वर्सं तुमची मनीआर्डर घेतली म्या. पोस्टमन दर बारीला तिच्यावरला तुमचा नंबर मोठ्यानं वाचायचा. तुमच्या नंबरात शेवटाला दोन भोपळं हायत. ह्येच्यात एकबी भोपळा न्हाई. मग कुनाची आसंल, त्येवढं कळतं मला."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुमी सांगशीला म्हनून थांबले. आता पोट फाडनार म्हनल्यावर किती थांबू?"

दोस्त बाहेर पायरीवर बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं, ट्रंकेपासून वहिनींशी बोललेल्या खोट्यापर्यंत. तो सुपारी कातरत ऐकत होता.

"घरी आलो त्याच दिवशी तपकिरी शाल बघितली," तो म्हणाला. "रंगावरनंच कळलं. म्हनलं, गड्यानं घोळ केला."

"आणि वहिनींना?"

"सांगितलं, व्हय, मीच निवडली. तू बोलून बसलावतास, मग तुला खोटं कसं पाडू? आन् तुझ्या बायकोच्या अंगावरनं काढून आनू का काय? शालीचं जाऊ दे रं. दोन पत्रं टाकली, फिरकला न्हाईस. राग त्येचा आला." त्यानं सुपारीचं अर्धं खांड माझ्या हातावर ठेवलं. "डबाभर शिग्रेटी दिल्या मी, आन् धूर तू केलास."

मी रडलो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. वऱ्हांड्यात माझ्याजवळ तोच बसून होता.

घरी जायच्या दिवशी बायकोनं मला तपकिरी शालीचा कोपरा दाखवला. कसरीनं खाल्लेली कड वहिनींनी रफू केली होती, आणि शेजारी लाल दोऱ्यानं वाकडेतिकडे आकडे घातले होते. माझा नंबर. खाटेवर पडल्या पडल्या बायकोनं तो पाठ म्हणून दाखवला होता. शेवटचे दोन भोपळे जरा जास्तच मोठे झाले होते.