दुसऱ्या खाटेवरची गादी

आमच्या बेटावर हॉटेल नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत होऊही नये. किनाऱ्यावरच्या पुनो शहरातून बोट आली की पाहुणे धक्क्यावर उतरतात आणि कोणी कोणाच्या घरी राहायचं ते मी सांगतो. घरांची पाळी ठरलेली आहे. ज्याची पाळी त्याचे पाहुणे, मग घर चांगलं असो नाही तर गळकं. पाळीत घोळ झाला की बायका माझ्या दारापर्यंत शिव्या देत येतात. तितिकाका तळ्याच्या उंचीवर धापा टाकणाऱ्या पाहुण्यांना त्यातलं काही कळत नाही. ते म्हणतात, इथली माणसं किती शांत.

या पाळीत असुन्ताइतका त्रास मला कोणी दिला नसेल. ती माझ्या शेजारची. नवरा लवकर गेला. मागे उरले बटाट्याच्या शेताचे दोन तुकडे, थोड्या मेंढ्या आणि एकुलता एक रोमुलो. असुन्ताच्या हातात कायम चाती, चढावर चालतानाही ती लोकर कातत असायची. जिभेने तिखट, पण पाहुण्यांना तिच्या हातचं तळलेलं चीज इतकं आवडायचं की पुढच्या खेपेला लोक तिच्या घराचा माग काढत यायचे.

पाहुण्यांची खोली रोमुलोने बांधली. मातीच्या विटा त्याने स्वतः पाडल्या, दार निळं रंगवलं, दोन खाटा ठोकल्या. पाळीत यायचं तर घरात दोन खाटा हव्यात, हा बेटाचा नियम. एक गादी आधीच मिळाली होती, दुसरी आणायला तो पुनोला गेला. परतताना दुपारचा वारा सुटला आणि बोट उलटली. बोटवाल्याला कोळ्यांनी ओढून काढलं, रोमुलो कोणाला दिसला नाही. गादी मात्र काही दिवसांनी आमच्याच किनाऱ्याला लागली. दुकानदाराने प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दिली होती, म्हणून बुडाली नव्हती. रोमुलो तेव्हा बावीस वर्षांचा होता.

असुन्ताने ती गादी उन्हात वाळवली, दुसऱ्या खाटेवर घातली, वर स्वतः विणलेलं काळं पांघरूण पसरलं आणि मला सांगितलं की ही खाट घेतलेली आहे. तेव्हापासून तिच्याकडे एका वेळी एकच पाहुणा. बाकीच्या बायका कुरकुरल्या, नियम सगळ्यांना सारखा म्हणाल्या. मी कानाडोळा केला.

तिचं म्हणणं असं की तळ्यापलीकडे, बोलिव्हियाच्या बाजूला, कोणीतरी रोमुलोला पाण्यातून काढलं असेल. डोक्याला मार लागला असेल, काही आठवत नसेल, कुठेतरी कामाला असेल. पाहुण्यांनी मुलाबाळांचं विचारलं की ती त्याचं वय सांगायची, दर वर्षी एकेक वाढवून. पंचविसाचा झाला. सव्विसाचा झाला. आता लग्नाचं बघायला हवं, असंही एकदा म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, दुपारी, आमचे मेलेले घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत जातात. घरातलं कोणी गेलं असेल तर काळं कापड अंथरून टेबल मांडायचं. त्यावर त्याच्या आवडीचं जेवण, पावाच्या बाहुल्या आणि तुरे आलेले कांदे, म्हणजे त्यांच्या पोकळ पातींतून वाटेत प्यायला पाणी नेता येतं. दारात येईल त्याने गेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि पाव घेऊन जायचं. टेबल मांडलं नाही तर तो जीव उपाशी परत जातो. नवऱ्याचं टेबल दिराच्या घरी मांडलं जायचं, पण रोमुलोसाठी असुन्ताने टेबल कधी मांडलं नाही. मी एकदाच विषय काढला होता.

"एकदा ताट वाढलं की तो गेला," ती म्हणाली. "मी नाही वाढणार. तुला हौस असेल तर तू आपल्या घरी वाढ."



गेल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी सकाळच्या बोटीने अरेकिपा शहरातला एक विक्रेता आला, व्हियाफुएर्ते नावाचा. उन्हावर पाणी तापवायच्या टाक्या विकायचा. पायात चकचकीत बूट, हातात फोन, आणि फोनला रेंज शोधत तो अख्खं बेट पालथं घालत होता. घरोघरी जाऊन सांगे की गरम पाणी नसेल तर मोठी गिऱ्हाइकं येणार नाहीत. आमच्या बायका मान हलवून त्याला चहा पाजत आणि टाकी काही घेत नसत. संध्याकाळी परत जायचं होतं त्याला. पण दुपारी वारा सुटला, आणि रोमुलोच्या बोटीनंतर त्या वाऱ्यात कोणी नाव सोडत नाही. सण बघायला आलेल्या पाहुण्यांनी घरं भरलेली. असुन्ताकडेही हॉलंडचा एक उंच पोरगा पहिल्या खाटेवर पाय दुमडून झोपत होता. सगळ्या बेटावर एकच खाट रिकामी होती.

मी तिच्या अंगणात गेलो. ती कातत होती.

"असुन्ता, एका माणसाची सोय करायची आहे. बाहेर राहिला तर थंडीने काकडून मरेल."

"तुझ्या घरी ने."

"माझ्याकडे जमिनीवरसुद्धा जागा नाही गं. आता माझ्या अंगावर झोपवू का त्याला?"

ती हसली नाही. "ती खाट घेतलेली आहे, मेलितोनदादा. तुला माहीत आहे."

मला राग आला. तिचा नाही, त्या खाटेचा आला. म्हणालो, "रोमुलोला पलीकडे कोणीतरी खाट दिली असेल, असंच म्हणतेस ना तू? ओळख ना पाळख, तरी दिली असेल. मग तू का नाही देत?"

चाती थांबली. मला वाटलं, आता शिव्या ऐकाव्या लागणार.

"बूट बाहेर काढायला सांग त्याला," ती म्हणाली.

व्हियाफुएर्तेला रात्री दम लागला होता. असुन्ताने त्याला रानपाल्याचा चहा दिला, अंगावर आणखी एक पांघरूण घातलं. सकाळी तो उठून बाहेर आल्यावर ती अंथरूण आवरायला खोलीत गेली आणि लवकर बाहेर आलीच नाही. मी डोकावलो, तर ती खाटेशी उभी होती. गादीला मधोमध माणसाचा खड्डा पडला होता आणि ती तो हाताने सारखा करत होती.

दुपारच्या सुमारास वारा पडला. बोट निघणार होती, मी विक्रेत्याला बोलवायला आलो. आजूबाजूच्या घरांतून प्रार्थना ऐकू येत होत्या. तो बॅग उचलून थांबला आणि मला स्पॅनिशमध्ये म्हणाला, "माझी आजी हा दिवस पाळायची. मी या घरात जेवलो, झोपलो. प्रार्थना केल्याशिवाय कसा जाऊ? बाईंना विचारा, या घरचं कोण गेलंय?"

असुन्ताला स्पॅनिश जेमतेम येतं. तो प्रश्न आमच्या भाषेत सांगायला माझी जीभ रेटेना. मी त्याच्या बुटांकडे बघत राहिलो. पण तिला कळलं होतं. ती आत गेली आणि दुसऱ्या खाटेवरचं काळं पांघरूण घेऊन आली. अंगणातल्या टेबलावर ते अंथरलं, कडा ओढून नीट केल्या. मग उकडलेले बटाटे आणले, तळलेलं चीज आणलं. कांद्यांची रोपं तिने शेतातून मुळासकट उपटून आणली. पावाच्या बाहुल्या तिच्याकडे नव्हत्या, त्या मी घरून पळत जाऊन आणल्या. हॉलंडचा पोरगा कोपऱ्यात टोपी काढून उभा राहिला.

व्हियाफुएर्तेने हात जोडले. "नाव?"

"रोमुलो यानारिको," असुन्ता म्हणाली. "माझा मुलगा."

"केवढा होता?"

मी त्या वर्षीचं वय मनात धरून तयार होतो. अठ्ठावीस. सांगायला तोंडही उघडलं होतं.

असुन्ताने हात वर करून मला थांबवलं.

"बावीस," ती म्हणाली.