आमच्या गुरुजींच्या डोक्यावरचं रोप

लग्नात यांच्या डोक्यावर फेटा होता आणि फेट्यावर बाशिंग, त्यामुळे टक्कल मला दिसलं ते केनवडहून कामरगावात नांदायला आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, न्हाणीपाशी. मी गरम पाणी द्यायला गेले होते. त्यांनी घाईघाईनं डोक्यावर टॉवेल ओढला. लाजायचं नवरीनं, तर इथं नवराच लाजत होता. मला हसू आलं, आणि हा माणूस मला तिथूनच आवडायला लागला. हे मात्र मी त्यांना पुढे कित्येक वर्षं सांगितलं नाही.

ते गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, चारचौघांत मीही तेच म्हणायची. वय पंचविशीचं आणि कपाळ थेट टाळूपर्यंत गेलेलं. त्या काळात पोरं कान झाकतील एवढे केस वाढवून फिरत, आणि आमचे गुरुजी बाजूची एक लांब बट ओढून टाळूवर चिकटवत. वारा आला की ती बट कानावर लोंबायची आणि वर्गात खसखस पिकायची. फळ्यावर लिहितानासुद्धा त्यांचा दुसरा हात डोक्यावर असायचा.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांच्याकडे सोपा इलाज होता.

"टोपी घाल ना बापा. आमी जलमभर घालून राह्यलो. आत काय हाय ते कोनाले दिसते?"

मजा अशी, की आबांच्या टोपीखाली केस पांढरे, पण हरळीसारखे दाट. ज्याला मिरवायची हौस त्याच्याकडे नाहीत आणि ज्याच्याकडे आहेत तो झाकून बसलेला. "टोपी घातली म्हंजे हरलोच मी," हे म्हणायचे, आणि दोन दिवस घरात बोलायचे नाहीत. केसांवरून रुसणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

इलाज तर सगळे झाले. कांद्याचा रस झाला, जास्वंद उकळलेलं तेल झालं, कोणी दिलेली काळी मळी झाली. त्या मळीनं माझ्या सगळ्या उशा काळ्या केल्या आणि डोकं होतं तसंच राहिलं. मी रोज चोळून द्यायची आणि मनात म्हणायची, बाई, मडक्याला तेल लावून त्यावर गवत उगवतं का कधी? तोंडानं नाही म्हटलं. एवढी आशा लावून बसलेल्या माणसाला कसं म्हणणार?

मग शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींनी कुठल्याशा मासिकात वाचलं. ते यांचे जिवलग दोस्त, बौद्ध घरातले, हातात पडेल ते छापील कागद वाचणारे. मुंबईत एक डॉक्टर डोक्याच्या मागचे केस कातडीसकट काढून पुढे लावतो, असं त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं. आबा पानाला चुना लावत होते. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे एका वाफ्यातलं रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावून राह्यले?"

"तसंच आबा."

"मंग तं जमते," आबा म्हणाले. विषय त्यांच्या हातचा निघाला होता. विहिरीवरच्या मळ्यात आबा आणि माझे धाकटे दीर वांगी लावत, आणि आबांचं रोप कधी मेलं नाही अशी गावात ख्याती होती.

दिवाळीच्या सुट्टीत दोघे गुरुजी मूर्तिजापूरहून गाडीत बसले. तिकडचं मला नंतर कळलं, आणि इतक्या वेळा कळलं की मीच ते ऑपरेशन करून आले असं वाटावं. आधी मागचे केस बारीक कापले. मग डोक्यात भुलीच्या सुया. "सुयाच काय ते दुखल्या," हे म्हणायचे, "मंग नुसतं कातडं कुरकुरल्याचं आयकू येत होतं." मागून ज्वारीच्या दाण्याएवढे गोल तुकडे काढायचे, त्यावरच्या केसांच्या झुबक्यासकट, पुढे तेवढीच भोकं पाडायची आणि एकेक बसवायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मागचे केस गळत नाहीत, आणि पुढे लावले तरी ते मागचा स्वभाव सोडत नाहीत. हेही सांगितलं होतं, की लावलेले केस महिन्याभरात गळतील, घाबरू नका, मुळं आत राहतात. तीन-चार महिन्यांनी नवे येतील. तेल नको, ऊन नको, धूळ नको, खाजवणं नको. आणि वर्षभर त्या जागेला वस्तरा नको.

एसटीतून उतरले तेव्हा डोक्याला पांढरी पट्टी. "गुरुजी, कुठं मार खाल्ला?" स्टँडपासून घरापर्यंत जो तो विचारत होता. घरी पोचेपर्यंत कपाळ सुजलं, दुसऱ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली. मला तर रडू आलं. चांगल्याभल्या डोक्याची ही काय दशा करून घेतली म्हणून मी दोस्तावरच उखडले. ते बिचारे म्हणाले, "वहिनी, डॉक्टरनं सांगतलं होतं सुजन येईन, अन् आपोआप जाईन." गेली खरी. मग प्रत्येक दाण्यावर खपली धरली आणि खाज सुटली. त्यांचे हात धरून बसणं हे माझं काम. नव्या लग्नात एवढा वेळ हात धरून बसायला कोणाला मिळतं? मी कुरकुर करत होते, पण मला ते दिवस फार गोड वाटले.

एके दुपारी आबा मळ्यातून आले ते पळसाच्या पानांची द्रोणासारखी टोपी शिवून घेऊन. काड्या टोचून नीट केलेली, वारा जायला मध्ये फट ठेवलेली.

"नव्या रोपाले सावली लागते," म्हणाले, आणि लेकाच्या डोक्यावर हलकेच ठेवली. टोपीला हार म्हणणारा तो माणूस खपल्या पडेपर्यंत अंगणात पळसाची टोपी घालून फिरला. आबा टोपीच्या काड्या नीट करत राहिले. मीच तोंडाला पदर लावून आत पळाले.

खपल्या पडल्या आणि महिन्याभरात डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं. झुबकेच्या झुबके उशीवर. सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि उशीवर पाहणं वेगळं. हे उशी मांडीवर घेऊन बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सारं गेलं," एवढंच म्हणत होते.

आबा दारात उभे होते. मला वाटलं आता थट्टा करतील. ते आत आले आणि लेकाजवळ बसले.

"येडा हायेस का? रोप लावल्यावर आधी मान टाकते. पानं झडते. मंग धरते." आणि माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "ही आली तवा नव्हती का सुकली? महिनाभर धड जेवली नाही. केनवडकडं तोंड करून बसत होती. आता पाह्य, घरात कोनाचं चालू देते का?"

मला वाटत होतं, मी रडायची ते या घरात कोणाला दिसलंच नव्हतं.

माघ सरता सरता पहिली लव दिसली. आबा रोज सकाळी लेकाला उजेडात उभं करून डोकं बघायचे, वाफा बघावा तसं. केस झुबक्याझुबक्यांनी येत होते, मध्ये मोकळी जागा, ओळीनं. सुंदर दिसत होते असं मी म्हणणार नाही. पण हे फळ्यावर लिहिताना डोक्यावर हात ठेवेनासे झाले.

होळीनंतर आबा तापानं पडले आणि उठले नाहीत. शेवटी शेवटी मी पेज भरवत होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. हळूच म्हणाले, "सूनबाई, माह्या दहाव्याले त्याच्या डोक्याले वस्तरा लावू देजो नको. धाकटा करन डोकं. लय मेहनतीचं हाय ते. माहा निरोप हाय म्हना."

आमच्यात बाप गेला की दहाव्याला मुलांनी नदीवर डोकं करायचं, म्हणजे सगळे केस उतरवायचे, थोरल्यानं आधी. गावाचे डोळे गुरुजींवर होते. कोणी म्हणे, मुंबईचे केस आहेत, कसले काढतो. त्या सकाळी निघताना मी आबांचा निरोप सांगितला. दोस्त बाहेर थांबले होते, तेही म्हणाले, "आमी तं हे कधीचं सोडलं. बापाची याद केसावर नसते गड्या." यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. टॉवेल खांद्यावर टाकून नदीकडे गेले.

बायका घरीच होत्या. मी दारात उभी. काय व्हावं असं मला वाटत होतं, ते तेव्हाही ठरत नव्हतं. केस राहावेत म्हणून जीव तुटत होता, आणि राहिले तर लोक काय बोलतील तेही कानात वाजत होतं.

दुपारी माणसं परतली. धाकट्या दिरांचं डोकं चकोट होतं. हे मागून आले, डोक्यावर ओला टॉवेल. अंगणात माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं टॉवेल काढला. सगळं डोकं गुळगुळीत, आणि पुढे बारीक गोल वणांच्या ओळी.

"आबांनी नको म्हटलं होतं ना," मी म्हणाले.

"म्हनून तं केलं," ते म्हणाले. "त्यांनी कर म्हटलं असतं, तं मले जड गेलं असतं."

पावसाळ्याच्या तोंडावर केस परत आले. लावलेलेही आले, एकही वण मोकळा राहिला नाही. शाळा उघडली त्या सकाळी मी आरसा पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला, केसांवरून एकदा हात फिरवला, खुंटीवरची आबांची टोपी काढून डोक्यावर घातली आणि शाळेत गेले.