आबा मीठ बघायला बसले

माझ्या लग्नात रुखवतावर जो गोल ओव्हन मांडला होता, तो बघायला निम्मं निफाड लोटलं होतं. उरलेलं निम्मं आधीच पंगतीला बसलं होतं, नाहीतर तेही आलं असतं. ॲल्युमिनियमचा, परातीएवढा, झाकणाला मधोमध काचेची खिडकी, आणि वायर अशी जाड की तिनं बैल बांधावा. एका बाजूला लोकरीचा ताजमहाल, दुसऱ्या बाजूला गव्हल्यांचं तुळशीवृंदावन, आणि मध्ये हा. शेजारी माझी मावशी पहाऱ्याला उभी. थापा मारण्यात आमच्या घराण्याची मूळ गादी मावशीची, मी नुसती शाखा. नवऱ्याकडचं कोणी समोर आलं की ती झाकण उचलायची आणि सांगायची, "आमची पोरगी यात काय वाट्टेल ते भाजते. डोळे झाकून."

आमच्या मळ्यात तेव्हा वीज होती ती विहिरीवरच्या पंपापुरती. मी त्या ओव्हनला पहिल्यांदा हात लावला तो रुखवत आवरताना.

सासरी, नाशिकला सातपूरच्या कॉलनीत आल्यावर सासूबाईंनी ओव्हन फिरवून फिरवून पाहिला, झाकण घट्ट बसतंय हे हेरलं आणि त्यात उडदाचे पापड भरून तो कपाटावर ठेवला. पुढची काही वर्षं त्यानं पापड सांभाळले. खरं सांगायचं तर फार चांगले सांभाळले. भर पावसाळ्यात आमचा पापड मोडला की खालच्या मजल्यावर कोणीतरी विचारायचं, काय फुटलं हो?

मग आबांच्या छातीत दुखलं.

आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस. आवाज असा की ते गॅलरीत शिंकले तर तिकडे अंबडच्या कारखान्यांत कामगार भोंगा झाला म्हणून डबे आवरायला लागत. या माणसाला पृथ्वीवर एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे रविवारचा तळलेला मासा. तव्यावर तेल असं लागायचं की मासा त्यात पुन्हा पोहायला लागेल. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "तळलेलं बंद."

"मग मासाच बंद," आबा म्हणाले.

"मासा खा ना. तेल नको, एवढंच."

"डॉक्टर, तेलाशिवाय मासा म्हणजे इंजिनाशिवाय ट्रक. ढकलायचा कोणी?"

घरी येऊन त्यांनी संप पुकारला. आधी मासा सोडला, मग एकेक करत सगळंच. अर्धी भाकरी, दोन चमचे दुधी, की ताटात हात धुतला. भिंतीकडे तोंड करून बसायचे. दोन महिन्यांत ते असे उतरले की सदरा अंगावर न राहता अंगाभोवती राहायला लागला. सासूबाई दुपारी एकेक सदरा घेऊन दोन्ही बाजूंनी शिवण आत घ्यायच्या. मासा त्यांनीही सोडला होता. औषध आणायला मी गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "छातीचं मला काही वाटत नाही आता. पण माणूस जेवत नाही, त्याची काळजी वाटते."

त्या रात्री पानावर बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं म्हणजे काय, मावशीच माझ्या तोंडून बोलली. "येत्या रविवारी मी मासा करणार. तेलाचा थेंब नाही. ओव्हनमध्ये."

आमचे हे ठसकले. सासूबाई कपाटाकडे बघायला लागल्या. बहुतेक पापडांचं काय, हा विचार असावा.

"उकडलेला मासा," आबा भिंतीला म्हणाले, "आजाऱ्याला घालतात. नाहीतर मांजराला."

"उकडलेला नाही आबा, भाजलेला. माहेरी आम्ही नेहमी करायचो."

"निफाडात?"

"हो."

"ओव्हनमध्ये?"

"डोळे झाकून."

"मी शिवणार नाही," आबा म्हणाले आणि ताटात हात धुतला.

रविवारी सकाळी आमचे हे सायकल घेऊन गंगापूर धरणाकडे गेले आणि दुपारपर्यंत पाण्याच्या बादलीत जिवंत मरळ घेऊन आले. मरळ हा मासा पाण्याबाहेरही बराच वेळ तगतो. ही तर तगायला नव्हे, घर भाड्यानं घ्यायला आली होती. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, काळीशार, आणि तोंड हुबेहूब आमच्या लग्नातल्या एका रुसलेल्या पाहुण्यासारखं. मी बादलीवरची ताटली जरा सरकवली मात्र, तिनं उडी घेतली. थेट मोरीच्या कठड्यावरून स्वयंपाकघरात, तिथून बाहेरच्या खोलीत, आणि उंबरा ओलांडून जिन्याच्या दिशेनं. मी तिच्यामागे झाडू घेऊन, माझ्यामागे हे टॉवेल घेऊन. हातात आली असं वाटायचं आणि साबणाच्या वडीसारखी सटकायची. दोन पायऱ्या तर ती माझ्यादेखत उतरली.

"सरका," मागून आवाज आला.

आबा. दोन महिन्यांत पहिल्यांदा भिंत सोडून उठले होते. हातात ओलं केलेलं गोणपाट. त्यांनी ते मरळीवर टाकलं, वरून दोन्ही हात दाबले, गठडी वळली आणि माझ्या हातात दिली. धाप लागली होती, पण मिशी हलत होती.

"ओल्या मरळीला टॉवेलानं धरतात होय," ते मुलाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पकडली म्हणजे खाणार, असं नाही."

"कोण म्हणालं?" मी म्हटलं.

सासूबाईंनी मरळ राखेनं घासून घासून स्वच्छ केली. मसाला माझा. डिसेंबर संपत आला होता, निफाडात द्राक्षांची विरळणी चालली होती, आणि भावानं घडांतून काढलेले कच्चे हिरवे मणी पिशवी भरून पाठवले होते. आंबट म्हणजे किती, तर पिशवीकडे नुसतं बघून शेजारच्या बाळाचे दात आंबले. बाळाला दात नव्हते, ही गोष्ट वेगळी. ते मणी, हिरवी मिरची, लसूण आणि मूठमूठ कोथिंबीर पाट्यावर वाटली, मीठ घातलं आणि मरळीच्या पोटात ठासून भरली. अंगालाही चोपडली. वर केळीच्या पानाचे तुकडे. पापड ओव्हनमधून काढून पलंगावर वर्तमानपत्रात मांडले. सगळं तयार.

आणि मरळ ओव्हनमध्ये बसेना.

ओव्हन गोल, मरळ लांब. तिरपी घातली तर शेपूट बाहेर, उलटी घातली तर डोकं बाहेर. झाकण लावलं की ती खिडकीतून बघणाऱ्या बाईसारखी दिसायची. मी सुरी उचलली.

"कापू नकोस," आबा दारातून म्हणाले. ते दारात कधी येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नाही. "कापलीस तर पोटातला मसाला बाहेर. वळव तिला."

"मासा वळतो का आबा?"

"भर घाटात दहा टनांचा ट्रक वळवलाय मी. ही काय."

ते पुढे आले, मरळीच्या पाठीवर अंगठा ठेवला आणि हळूहळू तिला वाकवत ओव्हनच्या कडेकडेनं अशी बसवली की शेपूट तोंडापाशी आलं. बरोबर गोल. चुंबळीसारखी. शेपूट सुटू नये म्हणून त्यांनी ते तिच्याच दातांत अडकवलं. हात धुतले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. पण आता खुर्ची जरा तिरपी होती.

या सगळ्या उठाठेवीत संध्याकाळ झाली, आणि तिथेच माझं चुकलं. रविवारची संध्याकाळ म्हणजे खालच्या काकूंकडच्या टीव्हीवर सिनेमा आणि बाकी सगळ्या घरांत सोमवारच्या कपड्यांना इस्त्री. कॉलनीतली वीज त्या वेळी अशी गळपटायची की दिवा लागलाय का हे बघायला काडी पेटवावी लागे. मी बटण दाबलं. झाकणाच्या काचेतून आत बघितलं. कॉइल काळीच. थोड्या वेळानं तिला जरा तांबूस झाक आली, ती पण लाजल्यासारखी. सासूबाईंनी झाकणावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. थंडीचे दिवस होते, त्यांना बरं वाटलं असावं.

"आता?" मी ह्यांना विचारलं.

"आता काय, रात्री सगळे झोपले की होईल."

"रात्रीपर्यंत वास मारेल तिला," आबा म्हणाले. खुर्ची आता पूर्ण वळली होती. ते उठले, काचेत डोळा लावला, ओव्हनला कान लावला, वायर हातानं चाचपली. मग ताडताड गॅलरीत गेले आणि कठडा धरून जो आवाज काढला, त्यानं पांडवलेण्यातली वटवाघळं उडाली असणार.

"इस्त्र्या बंद करा सगळ्यांनी. आणि काकू, तो टीव्ही."

घराघरांतून माणसं बाहेर आली. समोरचे एक साहेब अर्धी इस्त्री झालेली पँट हातात घेऊन. खालच्या काकू पदरानं डोळे टिपत अंगणात आल्या.

"आबा, हिरोईन शेवटच्या घटका मोजतेय हो."

"ती पुढच्या रविवारी दुसऱ्या सिनेमात उठून नाचेल. माझं काय?"

"तुम्हाला काय झालं?"

"माझं जेवण अडलंय," आबा गरजले.

स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. माझं जेवण, हे शब्द त्या माणसाच्या तोंडून दोन महिन्यांत निघाले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि दोघी पुन्हा भाकरीकडे बघायला लागलो. हसलो असतो तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

खाली काकूंनी डोळ्यांचा पदर काढला. आबांचे आत घेतलेले सदरे दोरीवर वाळताना त्या रोजच बघत होत्या. काकू पक्क्या माळकरी, मासा हा शब्दही त्या तोंडावर हात ठेवून म्हणायच्या. "काय शिजतंय ते मला सांगू नका," त्या म्हणाल्या, आत गेल्या, आणि टीव्हीच काय, घराचा मेन स्विचच त्यांनी खाली ओढला. मग साहेबांनी ओढला. मग एकेक करत सगळ्या कॉलनीनं. आम्हीही आमचा बल्ब मालवला. अंधार असा पडला की वरून जाणाऱ्या विमानाला नाशिक सापडलं नसेल. आणि आमच्या ओव्हनच्या काचेत कॉइल लालबुंद झाली, सूर्य उगवावा तशी. त्या उजेडात मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचली. हवं तर ह्यांना विचारा.

मग वास सुटला. आधी लसूण, मागून भाजलेल्या पानाचा, आणि त्यामागून द्राक्षांचा तो आंबट, हिरवा, तोंडाला पाणी सोडणारा वास. जिन्यात माणसं उभी. आबा ओव्हनपुढे पाटावर बसलेले, डोळा काचेला. "फुगली," ते सांगायचे. थोड्या वेळानं, "पान करपलं. करपू दे." मग, "बास."

बटण बंद केलं, लोकांना हाळी दिली, आणि एकेक घर पुन्हा लखलखलं. आमचाही बल्ब पिवळा झाला. झाकण काढलं. मरळ शेपूट दातांत धरून गोल बसली होती, पाठीवर सोनेरी, बाजूनं मसाल्याचा रस बुडबुडत.

सासूबाईंनी मरळ अलगद परातीत काढली आणि ताटं मांडली. आबांचंही मांडलं, पण त्यात नेहमीचा दुधी वाढला.

"बसा आबा," मी म्हटलं.

"मी शिवणार नाही सांगितलंय." जरा थांबून म्हणाले, "पण मीठ कोणी बघितलं का?"

"नाही."

"मीठ न बघता वाढतेस माणसांना? आण इकडे."

त्यांनी पाठीचा एक तुकडा काढला. डोळे मिटून खाल्ला. आम्ही तिघं त्यांच्या मिशीकडे बघत.

"इथं बरोबर आहे," आबा म्हणाले. "पोटाकडे पोचलंय का बघतो."

पोटाकडचं बघितलं. मग शेपटीकडचं. सासूबाईंनी आवाज न करता ज्वारीची भाकरी त्यांच्या ताटात सरकवली.

"मीठ बघायला भाकरी कशाला?" आमचे हे म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"नुसतं मीठ कळत नाही," आबा म्हणाले आणि भाकरी मोडली. मग दुसरी मोडली. त्या मरळीचं मीठ त्यांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत इतकं बारकाईनं तपासलं की शेवटी परातीत काट्यांचा एक स्वच्छ गोल उरला. आम्हाला मसाला आला वाट्याला. माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं जेवले नाही.

"कसं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही," आबा मिशी पुसत म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा बघावं लागेल."

पुढच्या रविवारी बघितलं. त्याच्या पुढच्याही. पापडांना नवा डबा मिळाला, आणि काकू रविवारचा सिनेमा सुरू व्हायच्या आधीच जिन्यातून ओरडून विचारायला लागल्या, "आबा, आज बंद कधी करायचं?" आबांनी हळूहळू भाजीचंही मीठ बघायला घेतलं, वरणाचंही, भाताचंही.

होळीच्या सुमारास एका दुपारी सासूबाई खिडकीत बसून आबांच्या सदऱ्याची आत घेतलेली शिवण ब्लेडनं उसवत होत्या.

"काय करतेस गं?" आबांनी विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "शिवण बघतेय."