अवलंबून: निरंक

तारामतीबाई लोहा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. बोलणं सावकाश, अक्षर टपोरं. गावातली माणसं लग्नपत्रिकांवर नावं घालायला त्यांच्याकडेच यायची. त्याच अक्षरात बाईंनी सात वर्षं आयकराच्या तक्त्यात एक नाव न चुकता लिहिलं. भागवत. त्यांचा धाकटा भाऊ.

भागवत विहिरीत मोटार सोडताना पडला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. मणका मोडला, कमरेखालचं अंग गेलं. आईवडील आधीच गेलेले. बाईंनी त्याला दोन महिने लातूरच्या दवाखान्यात ठेवलं आणि तिथून उचलून सरळ आपल्या घरी आणलं. भावकीतल्या बाया कुजबुजल्या, "आदिनाथ आता मेव्हण्याला जलमभर पोसणार का?" बाईंचे मालक आदिनाथराव पारावर सगळ्यांसमोर बोलले, "पोसणारी कमावती हाय. म्या निस्ती खाट विणून दिली."

पुढच्या फेब्रुवारीत शाळेत कराचे तक्ते भरायचे दिवस आले. साऱ्यांचे तक्ते मन्मथ गुरुजी भरायचे. माणूस उदगीरकडचा, कपाळाला भस्म, नियम तोंडपाठ. त्यांनीच वाट दाखवली. "बाई, भाऊ अपंग हाय आन् तुमच्यावर अवलंबून हाय. त्याच्या दवापाण्यापोटी सव्वा लाख तुमच्या उत्पन्नातून वजा होतंय. सरकारी दवाखान्याचा दाखला तेवढा लावा."

कर वाचला त्याचा आनंद होताच. पण बाईंना त्या रकान्याचं अप्रूप जास्त वाटलं. अवलंबून व्यक्तीचं नाव, भागवत. नातं, भाऊ. लातूरच्या दवाखान्याच्या पायऱ्या, नांदेडला व्यायामासाठी केलेल्या फेऱ्या, त्याच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी बदललेली कूस, सगळं त्या एका ओळीत मावलं होतं. बाकीचा तक्ता गुरुजींनी भरला, पण ते नाव देवळाच्या फरशीवर कोरावं तसं बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

तिसऱ्या साली तक्ता घरी आला आणि भागवतनं तो वाचला.

"अक्का, अवलंबून म्हंजी?"

"म्हंजी तू माझा हायस."

"न्हाई अक्का. म्हंजी माझं मला कायबी येत न्हाई."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सकाळी मात्र आदिनाथरावांना म्हणाला, "दाजी, ती जळकी मोटार आणा." ज्या मोटारीनं त्याला विहिरीत नेलं, तीच. खाटेवर बसून त्यानं ती उघडली. काळी पडलेली तांब्याची तार एकेक वेढा मोजत सोडवली, नवी भरली. मोटार पुन्हा जळाली. पुन्हा भरली, पुन्हा जळाली. चौथ्या खेपेला ती फिरली, तेव्हा आदिनाथरावांनी शेतातून आरोळी ठोकली, "पाणी आलं रे भागवता!"

पुढं लोह्याच्या बाजारात एक गाळा झाला. चाकाच्या खुर्चीला बेतून ठेंगणं टेबल, बाहेर पाटी, 'तारा मोटार रिवायंडिंग'. उन्हाळा लागला की शेतकरी मोटारी घेऊन दारात बसून राहायचे. भागवतनं भरलेली मोटार सहसा माघारी येत नाही, असं बोललं जाऊ लागलं. दोन हजार बावीसच्या पाडव्यापासून तर बाईंच्या घरातला किराणा त्याच्या पैशातून येऊ लागला.

तेविसाचा फेब्रुवारी आला. भागवतनं स्वतःच दाखल्याची झेरॉक्स काढून आणली. "धर अक्का, तुझा हंगाम आला." बाईंनी ती गुपचूप पर्समध्ये ठेवली.

शाळेत गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "औंदा भागवतचं नाव म्याच घातलंय बघा."

"काढा, गुरुजी."

"काय?"

"नाव काढा."

"बाई, येडं लागलं का? पंचवीस हजाराच्या वर कर वाढंल. दाखला जलमभराचा हाय. पाय का उगवले त्याला?"

"दाखला पायाचा हाय गुरुजी, आन् रकाना पोटाचा. माझ्या घरातला किराणा कोण भरायलंय, माहीत हाय का तुमाला?"

"असंल. पर इच्यारतंय कोण?"

"भागवत इच्यारंल."

गुरुजी मान हलवत हसले. "अभिमान लई महाग पडला म्हणायचा."

"सात वर्षं खपलाव दोघं. सस्त्यात कसा सोडू?"

गुरुजींनी पेन त्यांच्या हातात दिला. बाईंनी नावावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, निरंक. सरकारी कागदावर हा शब्द कुणी कौतुकानं लिहीत नाही. बाईंनी लिहिला, आणि शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसल्या.

शाळा सुटल्यावर त्या थेट गाळ्यावर गेल्या. भागवत तार ओढत होता.

"लावला का दाखला?"

बाईंनी झेरॉक्सची घडी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उलगडली.

"अक्का, कर लई लागंल की."

"लागू दे."

"निम्मा म्या भरणार."

एरवी आपल्या कराला बाईंनी कुणाकडून दमडी घेतली नसती. पण आज त्या स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "भर की."

भागवतनं हात पुसले. झेरॉक्स उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला, बाईंकडूनच गिरवलेल्या टपोऱ्या अक्षरात, समोरच्या मोटारीचे वेढे लिहून घेतले. मग बाहेर बसलेल्या शेतकऱ्याला हाक दिली, "काका, उद्या सकाळी न्या. चालू करून देतो."