बंद बाथरूमचं पाणी

हॉस्पिटलात तिला सगळे बाटलीबाई म्हणत. नोकरी प्रयोगशाळेतली, पण एकवीस वर्षं बर्फाच्या पेटीत बाटल्या घालून नळानळाला हिंडल्यावर दुसरं नाव कुठून चिकटणार? नळाचं तोंड स्पिरिटनं पुसायचं, पाणी निर्जंतुक बाटलीत धरायचं, चिठ्ठी डकवायची, प्रयोगशाळेत ते जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरायचं आणि दोन दिवसांनी किती जंतू उगवले ते मोजायचे. वॉर्डात शिरली की सिस्टर म्हणायच्या, "आलात? काढा आमच्या नळाच्या खोड्या."

घरीही सुटका नव्हती. नवरा शाळेची बस चालवायचा आणि तिची थट्टा करायचा. पाहुण्यांसमोर खुशाल विचारायचा, "पाणी आज देतेस, की रिपोर्ट आल्यावर?"

त्या वर्षी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात दोघांच्या ड्रेसिंगवर हिरवट डाग दिसले. बाटलीबाईनं तिथल्या बेसिनचं पाणी तपासलं. प्लेटवर हिरवे ठिपके उगवले होते आणि झाकण किलकिलं करताच द्राक्षांसारखा गोडसर वास आला. हा जंतू तिच्या चांगल्या ओळखीचा होता. धडधाकट माणसाचं तो काही बिघडवत नाही, उघड्या जखमेला मात्र सोडत नाही.

सिस्टरनी जखमा धुवायला सीलबंद पाणी सुरू केलं. गच्चीवरची टाकी घासली, क्लोरीन वाढवलं, नळ बदलले. आठवडाभर रिपोर्ट स्वच्छ. नवव्या दिवशी प्लेट पुन्हा हिरवी.

"टाकीतलं पाणी चांगलं, नळ कोरा करकरीत," ती प्लंबर मिस्त्रींना म्हणाली. "मग हा येतो कुठून?"

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून डोकं खाजवलं. "मधल्या पाइपातून. चला, पाइप धरून जाऊ."

दोघं वर बघत कॉरिडॉरमधून निघाली. बेसिनच्या अलीकडेच पाइपाला एक फांदी फुटली होती आणि ती भिंतीत शिरली होती. भिंतीपलीकडे मोठ्या डॉक्टरांची केबिन. म्हणजे साक्षात सुपरिटेंडेंट.

बाटलीबाईनं खांद्यावरची पेटी सावरली. आणि ती आत गेली.

"सर, तुमच्या बाथरूममधलं पाणी घ्यायचंय."

"माझ्या?" डॉक्टरांनी चष्मा वर केला. "अहो, तिथं कोण जातं? मी समोरच राहतो. तीन वर्षांत दार उघडलेलं नाही."

"म्हणूनच तर, सर."

दारासमोरचं फायलींचं कपाट सरकवलं. नळ आधी खाकरला, मग चहाच्या रंगाचं पाणी ओकू लागला. तिनं ते बाटलीत धरलं. दोन दिवसांनी प्लेट इतकी हिरवीगार निघाली, की ठिपके मोजायची सोयच उरली नाही. तीन वर्षं साचलेल्या पाण्यात जंतूंनी पाइपाला आतून बुळबुळीत अस्तर लावलं होतं आणि तिथून ते शेजारच्या बेसिनला रसद पुरवत होते.

"फांदी मुळापासून कापायची," बाटलीबाई म्हणाली. "नाहीतर पाइप धुऊन घेऊ. पण मग रोज पाच मिनिटं नळ सोडावा लागेल."

डॉक्टरांना स्वतःची बाथरूम सोडवेना. "मी सोडेन की रोज. त्यात काय एवढं?"

पाइप धुतला आणि डॉक्टरांनी चार दिवस नेमानं नळ सोडला. पाचव्या दिवशी फोन आला, सोडलेला नळ तसाच राहिला. पाणी केबिनभर पसरलं आणि खालच्या खणातल्या फायली भिजून चिंब झाल्या. त्यांनी स्वतःच मिस्त्रींना बोलावणं धाडलं. "कापा ती एकदाची," म्हणाले, "आणि बाईंना सांगू नका." मिस्त्रींनी अर्थात सगळ्यात आधी बाईंनाच सांगितलं.

फांदी गेली. उरलेली लाइन जास्तीच्या क्लोरीननं पुन्हा धुतली. सलग सहा आठवडे प्लेटवर एक ठिपका आला नाही. दोन्ही रुग्णांच्या जखमा भरल्या. त्यातली एक गवंडीकाम करणारी बाई घरी जाताना सगळ्यांचे हात हातात घेऊन निरोप घेत होती. बाटलीबाई कोण हे तिला ठाऊकही नव्हतं, पण तिचाही हात तिनं धरला. नवी गुलाबी कातडी ऊबदार लागली. "जपून जा" एवढंच बाटलीबाई म्हणाली.

महिनाअखेरीस सुपरिटेंडेंटांच्या सहीचं फर्मान निघालं: वापरात नसलेले सगळे नळ आठवड्यातून दोनदा पाच-पाच मिनिटं सोडावेत, शेजारी उभं राहून. शेवटचे तीन शब्द डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं लिहिले होते. सिस्टर बाटलीबाईच्या नावानं खडे फोडत नळापाशी उभ्या राहू लागल्या, आणि ती आपली पेटी खांद्याला लावून पुढच्या वॉर्डाकडे वळली.